निवडलेल्या पेशी आणि दोन एकर

पत्र:

"ताई, माझं माहेर नागभीडकडचं, सासर वरोऱ्याकडचं. मोठी मुलगी १७ वर्षांची, यंदा बारावीला आहे. वजन ३८ किलो. सिकलसेल, एसएस, म्हणजे पूर्ण आजार. धाकटा मुलगा ११ वर्षांचा, तो एएस, म्हणजे नुसता वाहक. मुलगी हायड्रॉक्सीयुरिया घेते, तरी गेल्या वर्षी चारदा भरती करावी लागली. भाचा अमेरिकेत असतो. त्यानं जीन थेरपीची माहिती पाठवली. त्यात पेशी काढतात, निवडतात, दुरुस्त करतात आणि परत देण्याआधी जबरी केमो देतात असं आहे. इकडे एका मोठ्या शहरातल्या सेंटरवरून सारखा फोन येतो. ते म्हणतात, आम्ही सुधारलेल्या पेशी निवडूनच देतो, केमोची गरज नाही, तीन इंजेक्शनं, नऊ लाख. मला एवढंच कळत नाही, की निवडूनच घ्यायच्या तर केमो कशाला? चांगल्या तेवढ्या वेचून आत सोडता येत नाहीत का? घरचे दोन एकर विकायचं म्हणतात. गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येणार आहे."
— एक आई, वरोरा तालुका

ताई,

आधी गिऱ्हाइकाचं. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. निदान या नऊ लाखांसाठी तरी वावर विकू नका. का ते पुढे सांगते, पण पत्र लांबलंय आणि तुमच्याकडे आठवडाच आहे, म्हणून हे वर लिहिलं.

आता तुमचा प्रश्न. चांगल्या पेशी वेचून आत सोडता येत नाहीत का? ताई, तुम्ही हे बिचकत विचारलंय, पण या क्षेत्रातली भलीभली माणसं तीसेक वर्षं याच प्रश्नाशी झुंजताहेत. त्याचं उत्तर नीट कळलं तर फोनवरच्या माणसाशी काय बोलायचं ते तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही.

मी अकरा वर्षं एका प्रत्यारोपण विभागाच्या प्रयोगशाळेत काढली. "पेशी निवडणं" हे काम माझ्या हातून झालंय, म्हणून ते दिसतं कसं तिथूनच सुरुवात करते. रुग्णाला अगोदर औषध देऊन हाडांच्या मगजातल्या मूळ पेशी रक्तात उतरवतात. मग यंत्राला जोडून रक्त फिरवतात, हवं ते काढून घेतात, बाकीचं परत देतात. आमच्याकडे यायची ती टोमॅटोच्या साराच्या रंगाची पिशवी. मूळ पेशींच्या अंगावर सीडी ३४ नावाचा एक खुंटा असतो. त्या खुंट्यालाच चिकटेल असं प्रतिपिंड आम्ही पिशवीत घालायचो, आणि त्या प्रतिपिंडाच्या शेपटीला लोखंडाचा अतिसूक्ष्म कण असायचा. मग ते सगळं लोहचुंबकात धरलेल्या नळीतून हळूहळू सोडायचं. खुंटेवाल्या पेशी चुंबकाला अडकतात, बाकीच्या वाहून जातात. शेवटी चुंबक बाजूला केला की अडकलेल्या पेशी धुऊन खाली येतात. दोन-अडीच तासांनी हातात काय उरायचं, तर तांदळाच्या धुवणासारखं, पाऊण कप. टाकाऊची पिशवी मात्र भली मोठी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, उलट्या पिशवीवर नाव घातलं की काय.

तुमचं माहेर धानाचं. पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात ते तुम्ही लहानपणापासून बघितलं असेल, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट वर तरंगतं, भरीव तळाशी बसतं. सीडी ३४ची निवड ही त्याच जातीची. बी भरीव आहे एवढं मिठाचं पाणी सांगतं, पण ते कोणत्या वाणाचं हे त्याला कळत नाही. तशी ही पेशी मूळ पेशींच्या गटातली आहे एवढंच चुंबक सांगतो. तिच्या आतला जनुक बदललाय की नाही, हे चुंबकाला कळायला मार्ग नाही, कारण आत जनुक कापणारी कात्री चालली तरी बाहेरचा खुंटा तसाच राहतो. शिवाय ही निवड होते ती दुरुस्तीच्या आधी. भाच्यानं पाठवलेल्या कागदात "निवड" म्हणतात ती हीच. आणि त्या पाऊण कपातही सगळ्या अस्सल मूळ पेशी नसतातच. बहुतेक म्हणजे त्यांची अर्धवट मोठी झालेली पोरं, काही महिने रक्त पुरवून संपणारी. जन्मभर पुरेल अशी पेशी त्यात विरळाच, आणि ती कोणती हे आत सोडून काही महिने गेल्यावरच कळतं.

मग दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा निवडावं, ज्यांच्यात बदल झाला तेवढ्याच घ्याव्यात, असं तुम्ही म्हणाल. अडचण अशी की पेशीच्या पोटातला जनुक वाचायचा तर पेशी फोडावी लागते. वाचलेली पेशी हाती राहत नाही. पळवाट आहे, तीही शोधली गेलीय. दुरुस्तीच्या जनुकासोबत एक निरुपद्रवी झेंडाही आत घालायचा, म्हणजे दुरुस्त झालेली पेशी तो झेंडा अंगावर मिरवील आणि चुंबकाला तिला धरता येईल. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानं २०१६ मध्ये सिकलसेलच्याच जनुकावर हे करून दाखवलं आणि दुरुस्त पेशींचं प्रमाण नव्वद टक्क्यांवर नेलं. पण त्यासाठी पेशी जास्त दिवस शरीराबाहेर ठेवाव्या लागतात, आणि शरीराबाहेरचा एकेक दिवस मूळ पेशीचं मूळपण खातो. वर निवडीत निम्म्या-अधिक पेशी गळतात ते वेगळंच.

गळती परवडत नाही, कारण हिशेब आधीच काटेकोर असतो. कॅसजेवी नावाच्या उपचारात, म्हणजे भाचा ज्याबद्दल लिहितो त्यात, दर किलो वजनामागे निदान ३० लाख सीडी ३४ पेशी लागतात. तुमच्या मुलीच्या ३८ किलोंना ११ कोटी ४० लाख झाल्या. शिवाय वाटेत काही बिघडलंच तर म्हणून न बदललेल्या पेशींचा राखीव साठाही वेगळा काढून ठेवतात. पेशी रक्तात उतरवायला इतर आजारांत जी-सीएसएफ हे इंजेक्शन वापरतात. सिकलसेलमध्ये ते देत नाहीत, त्यानं भयंकर क्रायसिस, म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याचा झटका, येऊन माणसं दगावली आहेत. राहतं एकटं प्लेरिक्साफॉर, आणि त्यावर एका खेपेत भागत नाही. महिन्या-महिन्यानं दोन-तीनदा यंत्राला जोडावं लागतं. इतक्या कष्टानं आणलेल्या पेशींतून पुन्हा निवडून निम्म्या फेकायला कुणाचा हात धजेल? म्हणून कॅसजेवीवाले बदललेल्या पेशी निवडतच नाहीत. कात्री इतकी सफाईदार चालवतात की सुमारे ८० टक्के ठिकाणी बदल होतो, आणि बदललेल्या-न बदललेल्या सगळ्या एकत्रच परत देतात. फोनवरचा माणूस जे "निवडूनच देतो" म्हणतोय, ते जगातला मंजूर झालेला उपचारसुद्धा करत नाही.

खरी निवड होते ती पेशी आत गेल्यावर.

हाडांच्या मगजात मूळ पेशींना बसायला ठराविक जागा असतात. सुट्टीच्या आदल्या दिवशीची नागपूर-चंद्रपूर एसटी डोळ्यांसमोर आणा. सगळ्या सीटवर माणसं, रिकाम्यावर रुमाल. खालून कितीही चांगली माणसं चढली तरी बसणार कुठं? मुलीच्या मगजात आज तिच्या जुन्या पेशी बसल्या आहेत. बिघाड त्यांच्यात असला तरी त्यांना उठायचं काही कारण नाही, कारण सिकलसेलचा जनुक मूळ पेशीत झोपलेला असतो. तो जागा होतो लाल पेशी तयार होताना. म्हणजे मगजाच्या पातळीवर दुरुस्त पेशी आणि बिघडलेली पेशी अगदी सारख्या, कुणी कुणाला हटवत नाही. म्हणून बुसल्फान, तीच ती जबरी केमो. चार दिवस शिरेतून देतात आणि बस रिकामी करतात. मग नव्या पेशी चढतात.

त्या रिकाम्या बसची किंमत मी सौम्य करून सांगणार नाही. तोंड आतून सोललं जातं, केस जातात, तीन-चार आठवडे पांढऱ्या पेशी जवळपास नसतात, महिना-सव्वा महिना दवाखान्याच्या खोलीत काढावा लागतो. आणि मूल होण्याची शक्ती बहुतेक वेळा जाते. मुलगी १७ची आहे. आधी बीजांडं गोठवून ठेवता येतात, पण त्यासाठी हा विषय आधी निघावा लागतो, आणि आपल्याकडे तो फॉर्मवर सही करताना निघतो. तुम्ही तो आत्ताच तिच्याशी काढा. अवघड आहे, मला माहीत आहे.

मग केमोशिवाय निवड होतच नाही का? होते, काही आजारांत. फॅन्कोनी ॲनिमिया नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात बिघडलेल्या मूळ पेशी स्वतःच झिजत जातात. तिथं दुरुस्त पेशी मूठभर सोडल्या तरी पडलेल्या जागा धरत जातात. स्पेनमधल्या डॉक्टरांनी चार मुलांना केमो न देता अशा पेशी दिल्या, आणि वर्षागणिक दुरुस्त पेशींचा वाटा वाढत गेला. २०१९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. वाचलं तेव्हा मी दोनदा आकडे तपासले होते, इतकं ते गोड होतं.

पण त्याच्या वीस वर्षं आधीची पॅरिसची गोष्टही ऐका. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेली मुलं, आजाराचं नाव एक्स-स्किड. तिथंही दुरुस्त पेशींना उपजत जोर होता, केमोची गरज पडली नाही. नेकर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००० साली यश जाहीर केलं तेव्हा जगभर टाळ्या पडल्या. दोन वर्षांतच पहिल्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. पॅरिस आणि लंडनमधली अशीच चाचणी मिळून २० मुलांपैकी पाचांना तो झाला, त्यातलं एक मूल गेलं. दुरुस्तीचा जनुक आत नेणारा विषाणू काही पेशींत एलएमओ-२ या जनुकाच्या शेजारी जाऊन बसला होता आणि त्यानं तो जनुक चेतवला होता. अशा पेशी बाकीच्यांपेक्षा जास्त वेगानं वाढल्या. शरीरानं त्यांनाच निवडलं, ताई. निवडीला चांगलं-वाईट कळत नाही, वाढतो कोण एवढंच कळतं. कुणी "आमच्या निवडलेल्या पेशी आपोआप वाढतात" म्हणालं की मला ती पाच मुलं आठवतात.

त्यानंतर विषाणू बदलले, जास्त सुरक्षित झाले. तरीसुद्धा सिकलसेलसाठी २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झालेल्या दोन उपचारांपैकी विषाणू वापरणाऱ्या लिफजेनियाच्या माहितीपत्रकावर चौकटीत रक्ताच्या कर्करोगाचा इशारा छापावा लागला आहे. दुसरा कॅसजेवी, त्यात विषाणू नाही, कात्री आहे. बीसीएल११ए नावाच्या जनुकाचा एक दिवा तो लाल पेशींपुरता मालवतो, आणि गर्भात असताना चालणारं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही मोठा क्रायसिस आला नाही. हे खरं आहे, भाच्यानं फेकाफेक केलेली नाही. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे वीस कोटींच्या आसपास. ते दोन एकरांत कुठून बसायला!

आता एक जरा दिलासा देणारी गोष्ट. सगळ्या पेशी बदलाव्या लागत नाहीत. सिकल झालेली लाल पेशी १० ते २० दिवसांत मरते, धडधाकट लाल पेशी १२० दिवस जगते. मगजात चांगल्या मूळ पेशी एक-पंचमांश जरी टिकल्या, तरी रक्तात चांगल्या लाल पेशींचंच राज्य होतं. भावा-बहिणीकडून प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत हे दिसलेलं आहे. म्हणजे रक्तात उतरल्यावर निसर्ग आपल्या बाजूनं निवड करतो. अडतं ते मगजात, त्या पहिल्या एक-पंचमांश सीट मिळण्यावर. म्हणून आता जगभरची डोकी बुसल्फानऐवजी दुसरं काय वापरता येईल यामागे लागली आहेत.

तुमच्या सासरकडचा दाखला देते, हसू नका. चोर बीटी, म्हणजे परवानगीशिवाय विकलं जाणारं कापसाचं बी. तणनाशक मारलं की तण जळतं आणि पऱ्हाटी उभी राहते, कारण तिच्यात तणनाशक पचवणारा जनुक घातलाय. अगदी हीच युक्ती मूळ पेशींवर केली गेली आहे. एमजीएमटी नावाच्या जनुकाचा एक चिवट अवतार आहे, तो ज्या पेशीत घातला तिला ठराविक केमो बाधत नाही. दुरुस्तीच्या जनुकासोबत तो घालायचा, पेशी आत सोडायच्या, आणि नंतर त्या केमोचा बेतानं फवारा मारायचा. बाकीच्या पेशी जातात, आपल्या राहतात. सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रानं मेंदूच्या गाठीच्या तीन रुग्णांवर हे वापरलं, २०१२ मध्ये छापलं. तिथं हेतू उलटा होता. गाठीसाठी केमो द्यायचीच होती, रक्त सांभाळायचं होतं. पण चिवट पेशींचं प्रमाण केमोसोबत वाढतं हे माणसांत दिसलं. त्याच शहरात पुढे उंदीर-माकडांवर आणखी एक पाऊल टाकलं गेलं. पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, जनुक इंजेक्शननं आत पोचवायचा आणि मग फवारा. मोहक आहे. तरी फवारा म्हणजे केमोच, आणि जिला कर्करोग नाही अशा १७ वर्षांच्या मुलीला ती द्यायची की नाही यावर अजून कुणी मान डोलावलेली नाही.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते, तिच्यामागे एक स्कीवाला आहे. फिनलंडचा एरो मेंटिरांता, १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं घेणारा. त्याचं हिमोग्लोबिन इतकं जास्त की लोक संशय घ्यायचे. १९९३ मध्ये उलगडा झाला. त्याच्या घराण्यातच एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाचा जनुक शेवटी तुटका आहे, त्यामुळे "लाल पेशी करा" हा निरोप त्यांच्या पेशींना मोठ्यानं ऐकू येतो. आजार काही नाही, घराणं धडधाकट. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तोच तुटका जनुक दुरुस्तीसोबत पेशींत घातला. २०२४ च्या त्यांच्या निबंधात प्रयोगशाळेतल्या दुरुस्त पेशींनी बाकीच्यांपेक्षा जास्त लाल पेशी केल्याचं दाखवलंय. फवारा नाही, विष नाही. मात्र हा जोर लाल पेशी होतानाच मिळतो, मगजातली सीट मिळवून देत नाही. थोड्या सीटवर जास्त काम निघतं, इतकंच.

तिसरी, प्रतिपिंडाची. मूळ पेशीच्या खुंट्याला बारीक खाच पाडायची, मग त्या खुंट्यावर नेमका हल्ला करणारं प्रतिपिंड सोडायचं. जुन्या पेशी जातात, खाच असलेल्यांना ते ओळखतच नाही. तोंड सोलणं नाही, केस जाणं नाही, अशी आशा आहे. अमेरिकेत कंपन्या आणि विद्यापीठं यामागे जोरात आहेत. बुसल्फानला कुणी हटवलंच तर मला वाटतं ते हे. पण यातली एकही युक्ती सिकलसेलसाठी आज कुठंही मंजूर उपचार नाही.

बघा आता फोनवरचा माणूस. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा ज्या दाराशी अजून उभ्या आहेत, ते दार त्यानं नऊ लाखांत उघडलंय म्हणे. भांडू नका. पुढच्या वेळी एवढं विचारा: पेशीत नेमका कोणता जनुक बदलता, कात्रीनं की विषाणूनं? जुन्या पेशी उठवल्याशिवाय नव्यांना मगजात जागा कशी मिळते? आणि चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जीन थेरपीसाठी आयसीएमआरची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मूळ पेशींसाठी २०१७ ची. त्यानुसार अशी गोष्ट आपल्या देशात मंजूर चाचणीतच करता येते, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे मागता येत नाहीत. पैसे मागितले तिथंच उत्तर मिळालं. "क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवतो" म्हणाला तर पाठवू दे, आणि सीटीआरआयच्या संकेतस्थळावर भाच्याला तपासायला सांगा. त्याला तेवढं काम द्याच.

आपल्याकडे खरंखुरं काही चाललंय का? चाललंय. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं हिमोफिलियाच्या पाच रुग्णांच्या सीडी ३४ पेशींत विषाणूनं जनुक घालून परत दिल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे चांगले निकाल प्रसिद्ध झाले. म्हणजे पिशवी, चुंबक, जनुक, सगळं भारतात जमतं. सिकलसेलसाठी दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं देशी कात्री बनवली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा मुंडांच्या नावानं 'बिरसा १०१' म्हणून ती जाहीर झाली, आणि तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याचा करार झाला. ते आज दवाखान्यात जाऊन घेता येणारं औषध नाही. पण तुमच्या मुलीच्या वयाकडे बघता मी तिकडे डोळे लावून बसेन.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. धाकट्याची एचएलए तपासणी, म्हणजे त्याच्या पेशी बहिणीशी जुळतात का ती, करा, याच महिन्यात. तो एएस आहे म्हणून चालणार नाही असं कुणीतरी तुम्हाला सांगितलं असेल. चुकीचं आहे, वाहक भाऊ दाता म्हणून चालतो. पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. जुळला तर मात्र गोष्टच पालटते. भावंडांकडून झालेल्या १००० सिकलसेल प्रत्यारोपणांचा जगभरचा आढावा २०१७ मध्ये आला, त्यात पाच वर्षांनी जवळपास ९३ टक्के रुग्ण हयात होते. त्याच आढाव्यात सोळा वर्षांपुढच्यांचे निकाल लहानांपेक्षा उतरलेले होते, म्हणून तपासणीला उशीर नको म्हणते. खर्च केंद्राप्रमाणे कमीजास्त, दहा-पंधरा लाखांच्या घरात जातो. सरकारी योजना, ट्रस्ट यांची मदत मिळू शकते, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बसून विचारा. बुसल्फान किंवा त्याचे भाऊबंद इथंही लागतातच, तेव्हा बीजांडांचं बोलणं इथंही आधी. वावराचा विचार करायचाच असला तर तो या दाराशी करा, आणि तेव्हासुद्धा अख्ख्या दोन एकरांचा नको.

हायड्रॉक्सीयुरिया चालू असून चारदा भरती, हे मला खटकलं. रोज घेते की दुखलं की घेते? पत्रात तसं स्पष्ट नाही. मेडिकलवाल्यानं "ही कॅन्सरची गोळी आहे" म्हटलं की घरोघरी ती अर्ध्यावर सुटते, हे मी इतक्यांदा बघितलंय की विचारल्याशिवाय राहवत नाही. वजनाप्रमाणे डोस आहे का, रक्ताची तपासणी वेळेवर होते का, हे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एकदा नीट बघून घ्या. विदर्भात सिकलसेलची पहिली नोंद १९५८ मध्ये नागपुरातूनच झाली. तिथल्या डॉक्टरांइतकी या आजाराची सवय मुंबईतही फार कुणाला नाही. कमी डोसवरही आपल्याकडच्या रुग्णांना गुण येतो, हेही त्यांनीच दाखवलेलं आहे. आणि बारावीचं: सिकलसेल २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वात धरलाय. प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा, परीक्षेत जादा वेळ मागता येतो.

एक राहिलं. तुमच्या पत्रात तुमचा प्रश्न आहे, भाच्याचं म्हणणं आहे, सेंटरवाल्याचं आहे, घरच्यांचं आहे. मुलीचं काही नाही. सतरा वर्षांची आहे, बारावीला आहे, हे सगळं तिच्या अंगावरून जाणार आहे. हे पत्र तिला वाचायला द्या, आणि तिला जे विचारायचं असेल ते तिलाच, वेगळ्या कागदावर लिहू द्या. तुम्ही न वाचता पाकिटात घाला. मी तिला वेगळं उत्तर लिहीन.